नकाशा आणि बांधकाम यांमधील दुवा

काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे गाव सिंगरेणीच्या कोळशावर वाढले. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. खाणीच्या पगारावर वाढलेल्या घरातील तरुण स्थापत्याची पदविका घेऊन बांधकामाकडे वळला, म्हणजे त्याला बहुधा दोनच वाटा दिसतात. एक, जागेवर उभे राहून काम करवून घेण्याची. दुसरी, कचेरीत बसून नकाशे काढण्याची. या दोहोंना जोडणारी तिसरी वाट म्हणजे संकल्पचित्रांचे व्यवस्थापन. मोठ्या कंपन्यांत या माणसाला डिझाईन मॅनेजर म्हणतात.

हा माणस स्वतः तुळईचे गणित मांडतोच असे नाही. वास्तुविशारद इमारतीचे रूप ठरवितो, संरचना-अभियंता तिचे बळ ठरवितो, विजेचा आणि पाण्याचा तज्ज्ञ आपापल्या वाहिन्या आखतो. प्रत्येकाचा नकाशा आपल्यापुरता बरोबर असतो. पण पाण्याचा नळ जेथून न्यावयाचा, नेमकी तेथेच तुळई आलेली असते. ही टक्कर कागदावर उघडकीस आली तर एक रेघ बदलून भागते. काँक्रीट ओतल्यावर उघडकीस आली तर घण आणि छिन्नी हाती घ्यावी लागते. ती कागदावरच हेरणे, संबंधितांना एकत्र बसवून निर्णय घेणे आणि तो निर्णय सर्वांच्या नकाशांत उतरविणे, हे या व्यवस्थापकाचे पहिले काम.

दुसरे काम वेळेचे. स्लॅब ज्या दिवशी ओतावयाची, त्यापूर्वी सळ्या बांधून व्हावयास हव्यात. त्यापूर्वी त्या कापून, वाकवून यावयास हव्यात. आणि त्याही आधी त्यांचा तक्ता व नकाशा मंजूर होऊन हाती पडावयास हवा. असा हिशेब उलट्या दिशेने मांडून प्रत्येक नकाशाची तारीख ठरवावी लागते.

तिसरे काम सर्वांत जोखमीचे, ते म्हणजे बदलांवर नजर ठेवणे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलातील दुर्घटना याचा कठोर धडा देते. तेथे चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या पातळीवरील दोन पादपूल एकाखाली एक, छतापासून आलेल्या अखंड गजांवर टांगावयाचे होते. कामाच्या सोयीसाठी प्रत्येक गजाचे दोन तुकडे करण्यात आले: वरचा गज छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि खालचा चौथ्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. बदल दिसावयास किरकोळ होता. परंतु खालचा पूल आता वरच्या पुलाच्या तुळयांना लोंबकळू लागला आणि तेथील सांध्यांवरचा भार दुप्पट झाला. मूळचा सांधाही पुरेसा भक्कम नव्हता. बदललेल्या नकाशांवर संमतीचा शिक्का पडला. गणित मात्र पुन्हा तपासले गेले नाही. १७ जुलै १९८१ रोजी ते पूल कोसळले आणि ११४ माणसे प्राणास मुकली.

असे प्रश्न केवळ परदेशचे नव्हेत. तेलंगण आणि गडचिरोली यांच्या सीमेवर, गोदावरीवरील मेडिगड्डा बंधाऱ्याचे काही खांब २१ ऑक्टोबर २०२३ रोजी खचले. त्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले होते. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, संकल्पचित्र, कामाची गुणवत्ता आणि देखभाल या चारही बाबींकडे बोट दाखविले. नकाशा, प्रत्यक्ष काम आणि पुढील निगा यांना एकमेकांपासून तोडून पाहता येत नाही, हेच यातून ध्यानात येते.

या व्यवसायात शिरण्याचा राजमार्ग जागेवरूनच जातो. ज्याने सळ्या मोजल्या नाहीत, सेंट्रिंग तपासले नाही, त्याला नकाशातील उणीव दिसत नाही. म्हणून पदविकेनंतर प्रथम काही वर्षे प्रत्यक्ष कामावर काढावीत. नंतर संकल्पचित्र विभागात जावे. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. बांधकाम व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी १९८३ साली स्थापन झालेली निकमार ही संस्था आहे. इमारतीची संगणकीय प्रतिकृती हाताळणे आणि करारनामा नीट वाचणे, ही दोन कौशल्येही आज आवश्यक ठरली आहेत.

सवयी मात्र पहिल्या दिवसापासून जडवाव्यात. प्रत्येक नकाशाचा क्रमांक, तारीख आणि सुधारणा नोंदवहीत हवी. नवी प्रत देताना जुनी परत घ्यावी. शंका तोंडी न विचारता लेखी विचारावी आणि उत्तर आल्यावाचून काम पुढे रेटू नये. प्रत्यक्षात जसे बांधले गेले तसा अखेरचा नकाशा जपून ठेवावा, कारण पुढे दुरुस्ती करणारा त्याच्याच भरवशावर भिंत फोडणार असतो.

सीमेवरील तरुणाजवळ आणखी एक भांडवल असते. तेलुगू, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा ज्याच्या कानावरून गेल्या आहेत, तो गवंड्याची अडचण अभियंत्याला आणि अभियंत्याचा हेतू गवंड्याला समजावून देऊ शकतो. या व्यवसायाचे मर्म याहून फारसे निराळे नाही.