साध्या कॅमेऱ्यात लखनौचे तारे

नवाब नासिरुद्दीन हैदर यांनी लखनौत वेधशाळा उभारायला घेतली. १८४९ मध्ये वाजिद अली शहांनी ती बंदच करून टाकली. तिची ‘तारावाली कोठी’ मात्र अजून उभी आहे.

आकाश टिपायला दुर्बीणच हवी असे थोडेच आहे? शटर हवे तितका वेळ उघडे ठेवता येईल असा साधा कॅमेरा नि भक्कम तिपाई पुरे. ५० मिलिमीटरच्या भिंगाने दहा सेकंदांत ताऱ्यांचे ठिपके उमटतात. तासभरात पृथ्वी १५ अंश फिरते नि त्याच ठिपक्यांच्या रेघा होतात. उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवरचा ध्रुव तेवढा जवळजवळ जागेवर राहतो. मुंबईत तो १९ अंशांवरच असतो, बरे का!

शहराच्या उजेडात इतका वेळ शटर उघडे ठेवले, तर चित्र पांढरे पडते. म्हणून अमावास्येच्या सुमारास गावाबाहेर जावे; पण जानेवारीत नको, तेव्हा लखनौवर धुक्याची दुलई असते.