ब्लॉकचे कूळ

मोटारीचा पत्रा आणि तिचे इंजिन एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. आसने, दारे आणि चाके शाबूत असलेली गाडी इंजिनाचे काम निघाल्यामुळे अंगणात उभी राहते, तर त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीचा पत्रा सडून गेला तरी तिचे इंजिन पुढे पुष्कळ वर्षे चालण्याच्या लायकीचे असते. या दोहोंची गाठ घालून देणे हा जुन्या सुट्या भागांच्या व्यापारातील सर्वांत कसबाचा भाग आहे, कारण नुसते चालू इंजिन मिळून भागत नाही, ते त्या गाडीला जुळावे लागते.

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले मेढा वेण्णा नदीच्या खोऱ्यात आहे आणि तेथून केळघर घाटाने महाबळेश्वरला जाता येते. या मुलखात जुनी गाडी ही हौसेची वस्तू नसून दवाखाना, बाजार आणि तहसील कचेरी यांच्याशी वाड्यावस्त्यांना जोडणारे साधन असते. घाटात गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात आणि रेडिएटरवर येणारा वारा कमी पडतो. रेडिएटर चोंदलेला असेल तर पाणी उकळते आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे व झडपा धारण करणारे झाकण, तापून वाकते. त्यानंतर हेड व ब्लॉक यांच्यामधील गास्केट फुटून पाणी तेलात शिरते, आणि चालकाने तशीच गाडी पुढे रेटली तर बेअरिंगे आणि पिस्टनही हातचे जातात.

तरीही दुसरे इंजिन शोधण्याआधी स्वतःचे इंजिन नीट उघडून पाहणे शहाणपणाचे आहे. ब्लॉक हा इंजिनाचा ओतीव देह असतो आणि त्यातील सिलिंडर झिजले असले तरी ते कापून किंचित मोठे करता येतात. यालाच बोअरिंग म्हणतात, आणि त्यात मग मूळ मापापेक्षा पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसवतात. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली गतीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दांडा, घासून घेता येतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात हे कसब मुरलेले आहे, आणि त्याचे मूळ मोटारींत नसून शेतीत आहे. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या आणि १९२२ पासूनच्या साताऱ्यातील कूपर कारखान्याच्या परंपरेने नांगर आणि यंत्रे शेतकऱ्याच्या दारी नेली, विहिरींवर डिझेल इंजिने आली, आणि ती दुरुस्त करणाऱ्या हातांनाच पुढे मोटारीचे ब्लॉक समजू लागले. म्हणून ब्लॉकला तडा गेलेला असेल, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला असेल किंवा बोअर शेवटच्या मापापर्यंत कापून झाला असेल, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

असा शोध सुरू झाला की बॉनेटवरील नावापेक्षा ब्लॉकचे कूळ पाहावे लागते. मारुती ८०० चे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनलेल्या या गाडीच्या नेहमीच्या आवृत्तीत सुझुकीचे ‘एफ ८ बी’ नावाचे तीन सिलिंडरांचे, ७९६ सीसीचे इंजिन असे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ७२ मिलिमीटर आहे. ओम्नी व्हॅनमध्येही याच कुळाचे इंजिन असते. परंतु ८०० मध्ये ते पुढच्या बाजूला आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, तर ओम्नीत ते पुढच्या आसनांखाली उभ्या दिशेने बसून मागची चाके फिरवते. त्यामुळे ओम्नीचे इंजिन ८०० मध्ये जसेच्या तसे उतरत नाही, तर सम्प म्हणजे खालची तेलाची परात, मॅनिफोल्ड आणि माउंटिंगचे ब्रॅकेट अशा गोष्टी आपल्या जुन्या इंजिनावरून काढून त्यावर चढवाव्या लागतात. याच क्षमतेचे, पण प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेले इंजिन अल्टोत आले. त्याचा बोअर आणि स्ट्रोक तेवढाच असला तरी हेड वेगळे आणि इंधन देण्याची पद्धतही वेगळी आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन घालायचे झाले, तर त्याच्यासोबत सेन्सर, वायरिंगचा पूर्ण जुडगा, इंधनाचा पंप आणि ईसीएम हा नियंत्रक संगणकही आणावा लागतो. यांपैकी एखादी वस्तू राहिली की गाडी दारात महिनोन् महिने उभी राहते, आणि मग स्वस्तात मिळालेले इंजिन सर्वांत महाग ठरते.

वडाप, म्हणजे प्रवाशांची खासगी वाहतूक, करणाऱ्या जीपांच्या बाबतीत हा घोळ अधिक असतो, कारण महिंद्राच्या जीपवजा गाड्यांत एका काळी २,११२ सीसीचे प्युजो कुळातील डिझेल इंजिन होते आणि पुढे २,५२३ सीसीचे डीआय इंजिन आले. मालकाच्या तोंडी मात्र दोन्ही ‘महिंद्राचे इंजिन’च असतात.

इंजिन शोधायचे ठिकाण बहुधा मुंबई असते. जावळीच्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी मुंबईत कामाला असल्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत माणूस पाठवणे मेढ्याहून अवघड नसते. कुर्ला हे नाव या संदर्भात अर्थपूर्ण आहे, कारण वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथेच होता आणि फियाट ११०० पासून निघालेली, १,०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी तेथेच घडत होती. दुकानात ‘फुल इंजिन’ आणि ‘हाफ इंजिन’ असे दोन शब्द कानावर येतात. हाफ इंजिन म्हणजे हेड नसलेला, क्रँक व पिस्टनसह असलेला ब्लॉक, आणि ज्याचे स्वतःचे हेड चांगले आहे त्याने तेवढेच घ्यावे.

पाहणीची सुरुवात तेलाच्या झाकणापासून करतात. झाकणाच्या आतल्या बाजूस दुधाळ चहासारखा फेस चिकटलेला असेल, तर पाणी तेलात गेलेले आहे असे समजतात. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन, म्हणजे हवा दाबून धरण्याची ताकद, मोजतात. या आकड्यांत दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक आढळल्यास ते इंजिन नाकारावे. क्रँकची पुली हाताने पुढे-मागे ओढून दांड्याला खेळ आहे का ते पाहतात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील असंख्य वाहने पाण्याखाली गेली, आणि अशा गाडीचे इंजिन वरून धुतलेले असले तरी तेलाच्या मार्गांत गाळ राहतो. पाणी भरलेल्या सिलिंडरवर कोणी स्टार्टर मारला असेल, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. सम्प उघडून बोटाने तळाचा गाळ चाचपल्याशिवाय असा ब्लॉक घेऊ नये. याउलट, मागून धडक बसल्यामुळे मोडीत गेलेल्या गाडीचे इंजिन बहुधा निरोगी असते.

यानंतर कागदांचा प्रश्न येतो, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नसतो. त्यामुळे हेड बदलले तर नोंदणीला धक्का लागत नाही, मात्र हाफ इंजिन घेतले तरी कायद्याच्या दृष्टीने इंजिन बदलले असेच ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हा मुद्दा ठामपणे मांडला. किमान दहा परिवहन वाहने असणाऱ्यास त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन पूर्वसंमतीशिवाय बसवण्याचा अधिकार देता येतो, पण त्यालाही १४ दिवसांत कळवावे लागते. घरगुती गाडीच्या मालकाने मात्र आधीच परिवहन कार्यालयात अर्ज करावा. विकणाऱ्याकडून पावती आणि ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या नोंदणी पुस्तकाची प्रत न मागणाऱ्याच्या हाती चोरीच्या गाडीचे इंजिन येण्याचा धोका असतो. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने करायची वेळ येते तेव्हा निरीक्षक पुस्तकातील आणि ब्लॉकवरील क्रमांक ताडून पाहतो, आणि तोवर जुना विक्रेता सापडण्याची शक्यता राहिलेली नसते.

इंजिन चेनपुलीला लटकलेले असतानाच टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट आणि दोन्ही टोकांचे ऑइल सील नवे घालून घ्यावेत, कारण यांतील कुठलीही वस्तू नंतर बदलायची झाली तर दुप्पट मजुरी पडते. त्याच वेळी ब्लॉकवरील क्रमांक रॉकेलच्या चिंधीने पुसून, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा उतरवून ठेवावा. इंजिन गाडीत बसल्यावर अनेक मॉडेलांत त्या जागी हात पोहोचत नाही.