कठडा कुणी बांधायचा?

गेल्या नोव्हेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनासाठी आमच्या पॅरिशची बस बेळगावहून जुन्या गोव्याला गेली होती. दुसऱ्या दिवशी युवकांनी हट्ट धरला म्हणून परतण्याआधी काणकोणच्या बाजूला एका किनाऱ्यावर थांबलो. तिथे तासाच्या भाड्याने कयाक मिळतात. आमची दोन मुलं एका कयाकमध्ये बसली. भाडेवाल्याने वहीत नाव आणि पैसे लिहिले, दोन लाइफ जॅकेट हातात ठेवली आणि मोठं माणूस म्हणून माझी सही घेतली. एकाच्या जॅकेटचे पट्टे लोंबत होते. दुसऱ्याने तर ते घडी करून बुडाखाली घेतलं होतं. मी हे पाहिलं. पण सणासुदीचे दिवस, मुलांच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून गप्प बसलो.

आपण घाटावरची माणसं. समुद्र आपल्याला सुट्टीपुरता ठाऊक. या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत पाणी अगदी निवांत दिसतं आणि कयाक सरसर पुढे जाते. मुलाला वाटतं, आपल्या दंडात केवढी ताकद! मागे वळलं की तोच वारा तोंडावर येतो, आणि जितकं आत जावं तितका त्याचा जोर जास्त. दुपारी वारा समुद्राकडून येऊ लागतो आणि लाटा उठतात. हे भाडेवाल्याला रोजचं ठाऊक असतं, आपल्या मुलांना नसतं.

तास झाला, दीड तास झाला. "किती वाजता गेली मुलं?" मी भाडेवाल्याला विचारलं. वहीत वेळ लिहिलेलीच नव्हती. अखेर मासेमारीच्या एका होडीने दोघांना ओढून आणलं. खडकांजवळ कयाक उलटली होती आणि घडी करून ठेवलेलं जॅकेट वाहून गेलं होतं. अशी कयाक आतून पोकळ असते, पालथी झाली तरी तरंगते. दोघेही तिला धरून राहिले म्हणून वाचले. पोहत किनारा गाठायला निघाले असते तर आज मी हे लिहिलं नसतं.

मी भाडेवाल्यावर ओरडलो. तो म्हणाला, "सर, जॅकेट मी दिलं होतं. घातलं नाही ते तुमच्या मुलांनी." मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

इंग्लंडमध्ये २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रेजिसहून कयाकने निघाले. जेमतेम दोन तासांची सफर होती. वाऱ्याने त्यांना खोल समुद्रात नेलं, किनाऱ्यावरून मदतीसाठी हाक उशिरा गेली आणि चार विद्यार्थी दगावले. त्या केंद्रात सुरक्षेची काळजी घेतली जात नाही, असं तिथे काम केलेल्या दोन प्रशिक्षकांनी मालकांना आधीच पत्राने कळवलं होतं. १९९४ मध्ये कोर्टाने कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. प्रमुखाला तुरुंगवास झाला. १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी तिथे खास कायदा झाला. त्या मुलांनी वेडं धाडस केलं नव्हतं. ती सांगितलं तसं वागली होती.

आमच्या मुलांचं तसं नाही. त्यांना जॅकेट मिळालं होतं. मग दोष एकट्या त्यांचाच का?

जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा घालायचा. तो न घालता कुणी खाली पडलं, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणारा शहाणा होता की मूर्ख, याची चौकशी तिथे नाही. पण शुभवर्तमानात दुसरी बाजूही आहे. देवदूत झेलतील, टाक उडी, असं सैतान मंदिराच्या शिखरावर येशूला सांगतो आणि येशू नकार देतो. मला वाटतं, कठडा बांधणं मालकाचं काम आणि त्यावरून उडी न मारणं आपलं. एकाने चूक केली म्हणून दुसरा सुटत नाही.

जॅकेट नुसतं हातात देणं म्हणजे कठडा नव्हे. मापाचं जॅकेट अंगात घालून पट्टे आवळून पाहणं, निघाल्याची वेळ लिहिणं, कुठवर जायचं ते बोटाने दाखवणं, आणि जीवरक्षकांचा लाल बावटा लागला असेल किंवा गिऱ्हाईक पिऊन आलं असेल तर पैसे परत करून "नाही" म्हणणं, याला कठडा म्हणायचं. सहीच्या कागदाने यातलं काहीच होत नाही. आणि आपण? जॅकेट काढायचं नाही, सांगितलेल्या हद्दीपलीकडे जायचं नाही, परतीचं बळ राखून वळायचं, कयाक उलटली तर तिला सोडायचं नाही. किनाऱ्यावर थांबलेल्याने घड्याळ बघायचं आणि उशीर झाला तर लाजू नये. जीवरक्षकाला गाठावं, नाहीतर ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करावा.

आता राहिला तिसरा माणूस, सही करणारा. चाळीस मुलांच्या सहलीत मी बसच्या दाराशी उभा राहून डोकी मोजत असे. निवृत्तीनंतर वाटलं, मुलं मोठी झाली, आपण कोण सांगणारे? मालक आणि मुलं, दोघांची चूक मला दिसत होती, आणि दोघांनाही एक शब्द बोलायला मी तिथे होतो.

या वर्षीही बस जाणार आहे. मुलं पुन्हा कयाकचं विचारताहेत. फादरांना मी सांगितलंय, प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून पाहीन, मगच सही. आईवडिलांनीही घरातून निघतानाच मुलांना हे सांगावं. मुलं रागावतील. रागावू देत.