बंद पडलेला संगणक आणि शिक्षकाची पहिली तपासणी

वर्गातील एखादा मुलगा वारंवार चुकू लागला, तर जाणता शिक्षक त्यास लगेच ‘ढ’ ठरवीत नाही. त्याला फळा नीट दिसतो की नाही, ऐकू येते की नाही, हे तो आधी पाहतो. शाळेतील संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा राहत नाही. यंत्र दोनचार वेळा अडले की त्यावर कापड पडते आणि पुढे ते निर्लेखनाच्या यादीत जाते. दोष कदाचित एका सैल वायरीचा असतो. पण तेवढा काळ मुलांचे शिकणे थांबते. वस्तुतः दोष कोठे आहे, हे सांगणारी काही साधने विंडोज प्रणालीतच असतात. त्यांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

तपासणीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. विजेचा प्लग व पडद्याची वायर घट्ट बसली आहे, याची खात्री करून घ्यावी. यंत्र सुरू होत असेल, तर गुणपत्रके, हजेरी व इतर दप्तर प्रथम पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. तपासणी मागाहूनही करता येते. गेलेले दप्तर परत मिळेलच असे नाही.

(१) आरंभीची स्वयंतपासणी : बटण दाबताच संगणक स्वतःचे मुख्य भाग तपासतो. दोष आढळल्यास कित्येक यंत्रे ‘बीप’ असा आवाज करतात. या आवाजांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो; म्हणून ते किती व कसे वाजले, हे लिहून ठेवावे. घड्याळ व तारीख वरचेवर चुकत असेल, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपल्याचा संभव असतो.

(२) डिव्हाइस मॅनेजर : ‘स्टार्ट’च्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की हे नाव दिसते. येथे यंत्राच्या सर्व भागांची यादी असते. पिवळ्या त्रिकोणातील उद्गारचिन्ह त्या भागात अडचण असल्याचे दाखविते. खाली वळलेला बाण तो भाग बंद ठेवल्याचे दाखवितो. पिवळे चिन्ह दिसले म्हणजे भाग निकामीच झाला, असे मात्र नव्हे. पुष्कळदा तो चालविणारा ड्रायव्हरच बिघडलेला असतो.

(३) विंडोज मेमरी डायग्नोस्टिक : यंत्र अकस्मात बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर हे नाव ‘स्टार्ट’मध्ये शोधावे. संगणक पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो आणि त्यानंतर प्रवेश केल्यावर निष्कर्ष दाखवितो. 

(४) डिस्कची तपासणी : ‘धिस पीसी’मधील ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’ व त्यात ‘चेक’ आहे. याने मुख्यतः फाइलींची मांडणी तपासली जाते. तेच दोष पुनःपुन्हा निघू लागले, तर हार्ड डिस्क खराब होत असल्याचा संशय घ्यावा. ही तपासणी भारनियमनाची वेळ टाळून करावी. मध्येच वीज जाणे इष्ट नाही.

(५) रिलायबिलिटी हिस्टरी : कोणत्या दिवशी काय बिघडले, याची रोजनिशी येथे आलेखासह मिळते. बिघाड कधीपासून सुरू झाला, हे तीवरून कळते.

या साधनांना मर्यादा आहेत. साचलेली धूळ, अडलेला पंखा किंवा वीजपुरवठ्याचा दोष ती थेट सांगत नाहीत; आणि यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर त्यांचा उपयोग होत नाही. चाचणीत दोष न निघणे म्हणजे यंत्र निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. यंत्र उघडण्याचे काम माहीतगाराकडेच सोपवावे.

तथापि प्रत्येक चाचणीची तारीख, लक्षण व पडद्यावरील मजकूर शिक्षकाने वहीत नोंदवावा. ‘संगणक बंद आहे’ एवढेच कळविल्यास दुरुस्त करणाऱ्याला आरंभापासून शोध घ्यावा लागतो. ‘रॅमच्या चाचणीत दोष निघाला’ असे कळविल्यास तो योग्य तो भाग बरोबर घेऊन येऊ शकतो. एवढ्याशा नोंदीने एखादे यंत्र निर्लेखनापासून वाचते आणि मुलांच्या हाती लवकर परत येते.