वाचनालयाचे दार उघडताच

शिकायला विलायतेला गेलेली आपली मुले फोनवर सांगतात, "वेळच पुरत नाही." तेव्हा आम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठविलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी., शिवाय ग्रेज इनची बॅरिस्टरी! युक्ती साधीच होती. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी पहिल्यांदा शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारचे जेवणही टाळायचे; त्यात पैसा वाचे, तासही वाचे. (मुलांनो, एवढी नक्कल नको. डबा न्या.) ते जिथे राहत, ते १०, किंग हेन्रीज रोडचे घर आता स्मारक आहे. एखाद्या रविवारी पाहून या आणि घरी कळवा.