सतराच्या पुढं अठरा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगरचा साखर कारखाना लागतो. या ऊसपट्ट्यातल्या एका वस्तीशाळेत पहिली-दुसरी एकत्र बसते आणि दोन्ही वर्गांना बाई एकच. व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी ऑइलपेंटनं शंभर घरं आखली आहेत. मुलं स्वतःच सोंगट्या होऊन त्यावर चालतात.

दुसरीतली एक मुलगी सतरावर उभी. फासा पडला चार. ती "एक, दोन, तीन, चार" म्हणत निघाली, तशा बाई म्हणाल्या, "माघारी ये बाळा. कितीवर होतीस?"

"सतरावर."

"मग पुढचं घर कितीचं?"

"अठरा... एकोणीस, वीस, एकवीस!"

या खेळातलं गणित एवढ्याशा नियमात आहे. एक-दोन-तीन म्हणणारं मूल फाशावरचे ठिपकेच पुन्हा मोजतं. अठरा-एकोणीस म्हणणारं बेरीज करत असतं. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर या अमेरिकी संशोधकांनी २०१४ साली हेच दाखवून दिलं. पट तोच, पण घरातला आकडा म्हणत पुढं सरकलेल्या मुलांची संख्यांची समज जास्त वाढली.

बाजारातल्या सापशिडीत एक ओळ डावीकडून, तर पुढची उजवीकडून चालते. बाईंच्या पटावर सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू होतात, म्हणून ७ खाली १७, त्याखाली २७. दोन फाशांवर सहा आणि चार पडले, तेव्हा एका पोरानं न मोजता थेट खालच्या घरात उडी घेतली. कसं काय, विचारलं तर म्हणाला, "दहा म्हंजी खालचं घर की!" दशक याहून स्वच्छ मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. इथं ते घर तिसाच्या अलीकडं पायाखालीच येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा वाचनावरून केवढा वाद झाला. मुलांची अडचण मात्र खरी होती, ती त्या गदारोळात बाजूला पडली.

डाव झाला की प्रत्येकानं आपली चाल वहीत मांडायची : १७ + ४ = २१. हे टाळलं तर नुसतं हुंदडणं उरतं.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात. पुस्तक तोवर बरंच पुढं गेलेलं असतं, पण पटावर त्यांना पहिल्या दिवशी उभं राहता येतं. कितीतरी शाळांत असा खेळ शनिवारवर ढकलला जातो. पण गाळप थांबलं की ऊसतोड कामगारांची मुलं गावी परततात, शनिवार त्यांच्या वाट्याला मोजकेच येतात. त्यांना हा खेळ रोजच्या गणिताच्या तासाला मिळायला हवा.