विम्याचे टेबल आणि आपली मुले

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार विमा एजन्सीची पायरी चढतो तेव्हा त्याला कंपनी दिसत नाही. टेबलामागचा ग्राहक सेवा प्रतिनिधी दिसतो. त्याच्या लेखी तोच कंपनी. आज त्या टेबलामागे आपल्या समाजाची शिकलेली मुले-मुलीही बसू लागली आहेत.

डॉ. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मागणी केली होती की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सक्ती मात्र आली नाही. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. बाबासाहेबांना जो हक्क वाटत होता, तो बाजारातला माल झाला!

मालाला घाई असते. आजाराच्या रकान्यात न विचारताच ‘नाही’ लिहिले जाते, कामगार सही करतो. पुढे तो गेला की ‘माहिती दडवली’ म्हणून विधवेचा दावा फेटाळतात. विमा कायदा १९३८ चे कलम ४५ सांगते, तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. त्याआधी द्यायचे तर कारणे लेखी कळवावी लागतात. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

म्हणून टेबलामागच्या तरुणांनो, अर्ज मराठीत वाचून दाखवा, खरे तेच लिहा, नॉमिनीचे नाव तपासा. विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवू नका; लोकपालाचा पत्ता द्या. पगार कंपनीचा असेल, शिक्षण बाबासाहेबांचे आहे.

जय भीम!